वाटी, कुलूप आणि काका

पिरंगुटजवळच्या भरे गावात मी ज्या घराच्या माडीवर भाड्याने राहतो, तिथल्या स्वयंपाकघरात एक कायदा आहे: आमटीत मीठ घातलं की झाकणावर वाटी पालथी घालायची. घरमालकीण काकू आणि त्यांची सून मिळून लवळ्याच्या एका हॉस्टेलवरच्या साठ मुलामुलींचे डबे करतात. पातेलं एक, मीठ घालणाऱ्या दोघी. हा कायदा येण्याआधी आमटी कधी दुप्पट खारट व्हायची, तर कधी दोघींनी एकमेकींवर भरवसा ठेवल्यामुळे साफ अळणी.

मी बावधनच्या एका कंपनीत प्रोग्रॅम लिहितो. रोज त्या आमटीवर ताव मारतो, तर काहीतरी उपयोगी पडावं म्हणून मी काकूंना दोन प्रोग्रॅम लिहून दिले. त्यांनी मागितले नव्हते, हे इथे कबूल करतो. पहिला प्रोग्रॅम मुलांचे फोनवरचे निरोप वाचून डब्यांच्या यादीत लिहायचा: कुणाला अंडाकरी, कुणाला कांदा-लसूण नको, कुणाचा उपास. दुसरा तीच यादी उघडून प्रत्येक डब्यासाठी चिठ्ठी छापायचा आणि नावापुढे 'छापली' अशी खूण करायचा. यादी एक, लिहिणारे दोघे. रोज ती पालथी वाटी बघूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

एका सकाळी दोघांनी एकाच वेळी यादीत लिहिलं. एकाची अर्धी ओळ दुसऱ्याच्या अर्ध्या ओळीत घुसली आणि कांदासुद्धा न खाणाऱ्या मुलीला अंडाकरी गेली. दंड कमावण्यासाठी सहा अंडी मागवणाऱ्या पैलवानाला बिनकांद्याचा दुधी मिळाला. दोघांपैकी जास्त आरडाओरडा पैलवानानेच केला म्हणे. रेक्टरबाईंचा फोन आला, की पुन्हा एक चूक झाली तर या घरचे डबे बंद. काकू फोन ठेवून मटकन पाटावर बसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुट्टी टाकून मी यादीला कुलूप बसवलं. काकूंना समजावून सांगितलं, "आता यादीला हात लावायच्या आधी प्रोग्रॅम कुलूप मागेल. दुसऱ्याने घेतलेलं असेल तर थांबेल. पहिल्याने सोडलं की मग आत जाईल."

"म्हंजे वाटीच की," काकू म्हणाल्या.

चार वर्षांच्या माझ्या इंजिनिअरिंगची त्यांनी एका शब्दात वाटी केली. पण बरोबर होतं ते. वाटी काही कुणाचा हात धरत नाही, आणि माझं कुलूपही तसंच होतं. "जो विचारेल तो थांबेल," मी कबूल केलं.

"आन् जो इचारतच न्हाई, त्यो?" काकूंनी विचारलं.

"घरात तिसरं कोण आहे लिहायला?" मी म्हणालो.

तेवढ्यात काका आले, झाकणावरची वाटी उचलली, तिच्यात आमटी घेतली आणि चव बघत ओसरीवर गेले. काका म्हणजे काकूंचे यजमान. पिरंगुटकडच्या एका कारखान्याच्या गेटवर त्यांची सगळी नोकरी येणाऱ्याजाणाऱ्याला अडवण्यात गेली. स्वतः मात्र ते कुठेही न विचारता शिरतात. सुनेने बिनवाटीचं झाकण बघून आमटीत पुन्हा मीठ घातलं. एवढं डोळ्यांसमोर घडूनही मी निश्चिंत राहिलो.

पुढे आली एकादशी. काकूंनी साबुदाणा भिजवून पहाटेच खिचडी करून ठेवली होती. सकाळी चिठ्ठ्या छापून झाल्या, डबे भरायला घेतले, रिक्षावाला दारात हॉर्न वाजवत होता. सून एकेक चिठ्ठी वाचत होती. अंडाकरी. अंडाकरी. पोळीभाजी. अंडाकरी.

"थांब गं," काकू म्हणाल्या. "एकादशीला येवढी अंडी? खिचडीचं येक बी नाव न्हाई?"

मी दोन्ही प्रोग्रॅम तपासले. दोघांनीही शहाण्यासारखं कुलूप मागितलं होतं, घेतलं होतं, सोडलं होतं. यादी मात्र कालची होती आणि प्रत्येक मुलाच्या नावाआधी 'चि.', प्रत्येक मुलीच्या नावाआधी 'कु.' होतं.

"मीच तपासली यादी," काका छाती काढून म्हणाले. "परत चूक नगं म्हनून. नुसतीच नावं हुती, बरं दिसत न्हाई ते."

त्यांनी पहाटेच संगणकावर यादी उघडली होती. साठ नावांना 'चि.' आणि 'कु.' एका बोटाने लावता लावता सव्वानऊ वाजले, आणि मग त्यांनी ती जतन केली. मधल्या वेळात आलेले उपासाचे सगळे निरोप त्यांच्या जुन्या यादीखाली गाडले गेले. कुलूप त्यांनी मागितलंच नव्हतं. सांगितलं होतं कुणी त्यांना?

"अवो, पोरांचं डबं बंद पडत्याल!" काकू एवढंच बोलल्या. काकांचा चेहरा असा पडला की मला त्यांच्यापेक्षा माझाच राग आला.

काकूंनी फोनवरचे निरोप वाचले, मी यादीत लिहिले, सुनेने चिठ्ठ्या चिकटवल्या. 'चि.' आणि 'कु.' काढत बसायला वेळ नव्हता. रिक्षा वीस मिनिटं उशिरा सुटली.

दुपारी रेक्टरबाईंचा फोन आला. काकूंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. काका दाराआड उभे होते.

"खिचडी बरोबर पोचली," बाई म्हणाल्या. "पण डब्यांवर चि. आणि कु. कोणी लिहिलं?"

काका दाराआड आणखी मागे सरकले.

"मुलं चिठ्ठ्या सोलून कपाटांवर लावतायत. एक मुलगी तर रडलीच. म्हणाली, असं फक्त घरच्या पत्रावर असतं. डबे चालू ठेवा. आणि उद्यापासून माझाही एक."

काका तरातरा आले, संगणकापुढे बसले, बाईंचं नाव लिहायला बोट उचललं आणि थांबले. वळून त्यांनी आम्हा तिघांकडे बघितलं. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे लग्न झाल्यापासून ते पहिल्यांदाच काही विचारत होते.

"कुनी लिवतंय का?"




"न्हाई," काकू डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या, "लिवा तुमी."