बजाबाईचा न बोलणारा नातू

बजाबाईचं डोकं त्या दिवशी सकाळपासूनच फिरलं होतं. नातू मानसिंग तिसऱ्या वर्षात आला, आणि तोंडातून एक शब्द नाही! ना आई, ना बा. अकलूजकडच्या आपल्या गावातून ती सोलापुरात लेकाकडं आली, ती मान्याला बोलतं करायलाच. वेखंड उगाळून झालं, मध चाटवून झाला, देवाला नारळ बोलून झाला. पोरगं आपलं ढिम्म!

बरं, बहिरं म्हणावं तर तेही नाही. रस्त्यावर कुल्फीवाल्याची घंटा वाजली की सगळ्यांच्या आधी हेच पळायचं.

लेक रामहरी चादरीच्या कारखान्यात मागावर, सून वच्छला तिथंच सुताच्या कांड्या भरायला. राहायची खोली मागांना चिकटून. दिवसभर नुसती खडाखड. शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येईल तर शपथ. पोरगं त्या मागांशेजारीच झोळीत वाढलेलं.

"अगं, पोराशी चार शब्द बोलत जा की!" बजाबाई सुनेच्या कानाशी ओरडायची.

"काय बोलू आत्या? हितं ऐकू कुणाला येतंय?" वच्छला तशीच ओरडून सांगायची आणि पुन्हा कांड्यांकडं वळायची.

नवरा-बायकोचं सगळं बोलणं हातांवर. रामहरीनं अंगठा तोंडाशी नेला, की पाणी आण. मूठ वर धरली, की थांब. बजाबाईला ह्या हातवाऱ्यांचा वीट आला होता. माणसं हायती का माकडं, म्हणायची.

आणि आता पोरालाही तेच खूळ लागलं होतं. म्हातारीला बोटानं दातांना मिश्री लावायची सवय. मान्या समोर यायचा आणि आपलं बोट दातांवरून घासून दाखवायचा. पहिल्यांदा ती हसली. मग रोजचंच झालं, तसा तिचा पारा चढला. "आजीला वेडावतंस व्हय रं?" म्हणून तिनं एकदा हातावर फटका हाणला. पोरगं रडलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दात घासत हजर!

शेवटी म्हातारी टेकीला आली. "नातू मुका निघाला म्हणून गावात सांगायची पाळी आली माझ्यावर," असं बडबडत तिनं पिशवी भरली. दुपारच्या एसटीनं परत जायचं. पिशवी उचलते तोच लाईट गेली आणि सगळे माग एकदम बंद पडले. कानांना चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

मान्यानं आजीच्या हातातली पिशवी बघितली आणि आईकडं धावला. तिचा पदर ओढला, बोट दातांवरून घासलं, मग मूठ वर धरली.

"आत्या, जाऊ नका," वच्छला म्हणाली. "आजीला थांबव म्हणतोय."

"कोण म्हणतोय?"

"मान्या. दात घासतोय न्हवं? ते म्हंजी तुमीच की. तुमी नजरंआड झाला की असंच करून इचारतो मला, कुटं गेली म्हणून."

बजाबाई मटकन उंबऱ्यावर बसली. म्हणजे पोरगं रोज समोर येऊन तिला हाक मारत होतं, आणि तिनं त्या हाकेवर फटका दिला होता. तिला भडभडून आलं. मग रागही आला.

"हे मला आदी सांगायला काय झालं हुतं गं तुला?"

"आमी कायम असंच बोलतो, आत्या. त्यात काय सांगायचं, ध्यानातच आलं न्हाय."

"धन्य हाय तुमची! पोरगं मुकं न्हाय, मुकी तुमी दोघं! आता मी न्हाय जात. रोज ह्याला घिऊन या खडखडाटापास्नं लांब जाऊन बसणार. तोंडानं आजी म्हणल्याबिगर..."

ती आणखी बरंच बोलणार होती, पण लाईट आली. माग सुरू झाले आणि तिचं बोलणं तिलाच ऐकू येईना. मान्या अजून मूठ वर धरून पिशवीकडं बघत उभा होता. बजाबाईनं तोंड मिटलं, पिशवी खाली ठेवली आणि आपलीही मूठ वर धरली.