आडसाली खेळ

आबांच्या मते खेळाचीही नोंद लावावी लागते, उसासारखी. कारखान्याच्या शेतकी ऑफिसात ज्याची नोंद आधी, त्याच्या फडात तोडणीची टोळी आधी. उशिरा नोंद लावणाऱ्यानं तुरे आलेल्या उसाकडं बघत बांधावर उभं राहायचं. जन्मभर हेच बघितलेल्या माणसाला मी एकदा मोबाईलवर पटावर मांडायचा एक खेळ दाखवला. सांगितलं, की हा अजून तयार नाही, नुसती चित्रं आहेत. आधी लोकांनी पैसे भरायचे, पुरेसे लोक जमले की कंपनी तो छापणार, आणि वर्ष-दीड वर्षानं खोका घरी येणार. मला वाटलं होतं, माझी अक्कल काढतील. पण आबांना त्यात काही नवल वाटलं नाही.

"म्हंजे आडसाली की," ते म्हणाले. आषाढात लावायचा आणि पुढचं सगळं वर्ष सांभाळून मग तोडायचा, त्या उसाला आमच्याकडं आडसाली म्हणतात. "मग आजच नोंद लाव. बसलीयास काय?"

परदेशातनं येणारे सगळे खोके एकाच जहाजात चढतात, पहिला काय नि शेवटचा काय, हे मी त्यांना नाना परीनं समजावलं. "तुला कारखाना कळत न्हाई," एवढंच उत्तर आलं. तेव्हापासून आमच्या घरी दर आषाढात उसासारखी एका खेळाची लागण, म्हणजे लावणी, होते, तीही तो खेळ जाहीर झाल्याच्या पहिल्या दिवशीच.

मी सांगलीला माधवनगरात राहते, एकटी. लग्न मोडलं त्याला आता बराच काळ झाला आणि त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. आबा सातारा जिल्ह्यात आमच्या गावी, तेही एकटेच. फौजेतून सुभेदार होऊन परत आले आणि ऊस लावू लागले. आई गेल्यापासून मी शनिवारी एसटी धरते, पेठ नाक्यावर गाडी बदलते आणि संध्याकाळच्या आत घरी पोचते. आम्हा बापलेकींना बोलायची सवयच नाही. जेवलीस का, जेवले, पाऊस हाय का तिकडं, नाही, इथं आमचं संपतं. लॉकडाऊनमध्ये मी गावी अडकले तेव्हा पिशवीत ऑफिसातल्या मैत्रिणीनं दिलेला एक खेळ होता, नकाशावर रस्ते बांधायचा. कंटाळून मांडला. आबा लांबून बघत राहिले, मग जवळ आले, मग माझा रस्ता कसा चुकीच्या खिंडीतनं चाललाय ते सांगायला लागले. खेळात बोलावंच लागतं. तुझी पाळी, दगड देतीस का, आगं तो पूल माझा हाय. आईच्या माघारी त्या घरात एवढं बोलणं मी प्रथमच ऐकत होते.

कुठला खेळ घ्यायचा याचे नियम आबांनी घातलेले. पहिला नियम त्यांच्या फौजेतल्या काळ्या ट्रंकेचा. तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर आणि हुद्दा लिहिलेला आहे. खेळ तिच्यात ठेवायचे आणि मांडायचे तिच्यावरच, पलंगापुढं ओढून, वर घोंगडं अंथरून. ट्रंकेत बसणार नाही तो खेळ कितीही चांगला असला तरी बाद. भुतंखेतं आणि राक्षस असले की बाद. शेतीचे खेळ त्यांना आवडायचे, पण त्यातही खोड काढायचे. एकात दोन पाळ्यांत गहू तयार व्हायचा. "आन पाणी कवा पाजलं ह्यांनी?" असं म्हणून त्यांनी तो परतवला. पत्ता मात्र कायम गावचा. कुरिअरवाला फाट्याच्या आत येत नाही, म्हणून आबा स्वतः फाट्यावर जायचे आणि खोका खांद्यावर घालून गावातनं मिरवत आणायचे. मी येईपर्यंत फोडायचा नाही, हा त्यांनीच स्वतःला घातलेला नियम होता आणि तो त्यांनी पाळला.

मग त्यांचे हात थरथरायला लागले. आधी चहाची बशी वाजायची, तेव्हा थंडी म्हणून सोडून दिलं. नंतर शर्टाची बटणं लागेनात. सांगलीच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हे हळूहळू वाढत जाणार म्हणाले. किती हळूहळू, ते मी विचारलं नाही आणि आबांनी तर डॉक्टरांकडं बघितलंही नाही.

त्यानंतर माझी खेळ निवडायची तऱ्हाच बदलली. पूर्वी मी चित्रं बघायची, नियम वाचायची. आता प्रत्येक खेळाखाली खोका कधी पोचेल त्याचा अंदाज लिहिलेला असतो, तिथं नजर आधी जायला लागली. पुढचा उन्हाळा. पुढची दिवाळी. तो महिना वाचायचा आणि तेव्हा आबांचा हात कसा असेल याचा हिशोब मनात मांडायचा, इतकं वाईट काम मी आयुष्यात केलेलं नाही. बारीक सोंगट्या नकोत, एकावर एक रचायचं काही नको, पत्ते हातात धरायला नकोत. उरायचे ते लहान मुलांचे खेळ. मी एक दाखवला, जाड जाड रंगीत तुकड्यांचा. आबा भडकले.

"मला काय अंगणवाडीत घातलंस व्हय?"

त्या शनिवारी त्यांनी ट्रंक उघडूच दिली नाही.

गेल्या थंडीत आधी लावलेला एक खेळ आला, नदीतून नावा न्यायचा. निवडला होता आबांनीच, हात धड होते तेव्हा. या वेळी फाट्यावर जाऊन खोका मी आणला. लाकडाच्या नावा फार देखण्या होत्या. पहिलीच नाव आबांच्या बोटांतून निसटून पलंगाखाली गेली, दुसरी ठेवताना बाकीच्या तीन आडव्या झाल्या. मग ते मागं टेकून नुसतं सांगायला लागले आणि त्यांच्या नावा मी हलवायला लागले. "डावीकडं घे. थांब. आता सोड." वायरलेसवर हुकूम द्यावेत तसं. माझ्याच विरुद्ध मी खेळत होते आणि हरायचं की जिंकायचं तेही कळेना. थोड्या वेळानं आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं आता." मी नावा गोळा केल्या आणि ट्रंक भिंतीला लावली. त्या खेळाचा मला संताप आला होता, इतका की तो चुलीत घालावासा वाटला.

या आषाढात मी विषय काढायचाच नाही असं ठरवून गेले. पण चहा झाल्यावर आबांनीच काढला.

"औंदा लागण न्हाई का?"

"चांगलं काही नाही आबा."

"दाव तरी."

मोबाईल त्यांच्या हातात ठरेना, म्हणून मी तो तांब्याला टेकवून ट्रंकेवर उभा केला. मी दोन खेळ मनात धरलेले होते. दोन्ही दोघांनी खेळायचे, मोठ्या तुकड्यांचे, पण दिसायला पोरकट नाहीत असे, आणि दोन्ही थोड्याच महिन्यांत येणारे. आबांनी ते बघितले. मग पुढं सरकव म्हणाले. पुढचा, त्याच्या पुढचा. चष्मा कपाळावर चढवून ते प्रत्येक खोक्याच्या चित्राला नाक लावत होते. शेवटी एकावर थांबले. पाखरांचा खेळ होता, झाडं लावायची, घरटी बांधायची. सोंगट्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या, नियमांचं पुस्तक जाडजूड, आणि खोका तर ट्रंकेच्या झाकणाहून रुंद.

"ह्यो लाव."

"ट्रंकेत बसत नाही हा."

"न बसू दे."

"आणि यायला पुढच्याच्या पुढची दिवाळी उजाडेल."

"उजाडू दे."

माझा तोल गेला. "आबा, ते दाणे बघितलेत का केवढे आहेत? तुम्हाला धरवणार नाहीत!"

हे आम्ही कधी बोललो नव्हतो. डॉक्टरकडून आल्यापासून एकदाही नाही. आबा रागावले नाहीत. त्यांनी उजवा हात डाव्या हातानं धरला आणि थरथरतं बोट मोबाईलच्या काचेवर नेलं, खोक्याच्या चित्राच्या कोपऱ्यात. तिथं माणसाची बारीक आकृती काढलेली असते आणि किती जणांनी खेळायचं त्याचे आकडे. एक ते चार.

"हितं एक लिवलंय," ते म्हणाले. "म्हंजे एकट्याला खेळता येतोय न्हवं?"

इतका वेळ ते सगळ्या खोक्यांवर तेवढंच शोधत होते. माझ्या दोन्ही खेळांवर दोन लिहिलेलं होतं.

"येतो," मी म्हणाले. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही. आबांनी मला रडू दिलं. समजूत घालणं त्यांना कधी जमलेलं नाही. मग म्हणाले, "आजच नोंद लाव. मागनं ऱ्हाऊन जातंय."

मी लावली. शेवटी पत्ता विचारतात, तिथं गावचा पत्ता आधीच भरलेला होता, दर वर्षीसारखा. आबा माझ्या खांद्यावरनं बघत होते.

"त्यो बदल," ते म्हणाले. "सांगलीचा घाल. खोका आला की घ्यायला कोण तरी घरात पायजे."

मी सांगलीचा पत्ता घातला.