साडभाऊंचा ढेकर

देवाने माणसाला घसा दिला तो सोडा खाली जावा म्हणून आणि तोंड दिलं ते ढेकर वर यावा म्हणून. मधल्या सगळ्या अवयवांनी या दोघांना वाट करून द्यायची, एवढंच शरीरशास्त्र माझ्या साडभाऊंना मान्य आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सासरी ते मोठे जावई, मी धाकटा. त्यामुळे पाटावर पहिला मान त्यांचा आणि दुकानातून सोडा आणायचा मान माझा, ही वाटणी लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच झाली. मला स्वतःला सोडा आवडत नाही. नाकात जातो मेला. पण विचारतो कोण!

ते घुग्घुसच्या कोळसा खाणीत डंपर चालवतात. शिफ्ट सुटली की माणसं घरी जातात, हे गोटी सोड्याच्या गाडीवर जातात. घशात कोळसा बसतो, तो धुवावा लागतो, हे कारण मला पटायचं. पण सुट्टीच्या दिवशी कोणता कोळसा? तर त्या दिवशी पाटवडीचा रस्सा असतो. उपास असला तर पोट रिकामं म्हणून गॅस, पंगत असली तर पोट भरलं म्हणून गॅस. मे अखेरच्या नवतपात ऊन म्हणून आणि थंडीत कफ म्हणून. एकादशीला सोडा चालतो का, असं माझ्या सासूबाईंनी एकदा दबकत विचारलं, तेव्हा हे म्हणाले, "सोडा म्हंजे काय बाई, राग आलेलं पाणी." सासऱ्यांच्या तेरवीला सगळे डोळे पुसत असताना यांनी मला कोपऱ्यात नेऊन दोन बाटल्या आणायला सांगितलं. मी जरा रागानेच पाहिलं. "दुःखानंही गॅस होते, भाऊ," ते म्हणाले, आणि खरं सांगतो, ढेकर दिल्यावरच त्यांना रडू फुटलं.

त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला आम्ही गडचिरोलीकडच्या एका खेड्यात गेलो होतो, ती गंमत तर अजून सगळ्या नात्यात सांगतात. त्या जिल्ह्यात दारूबंदी. चहा पुढे आला तसा साडभाऊंनी हळूच सोडा मागितला. मुलीच्या बापाचा चेहरा उजळला. मोठा पाहुणा सोडा मागतो म्हणजे नुसता सोडा मागत नाही, हे तिकडे शेंबड्या पोरालाही कळतं. गृहस्थ आत गेले, धानाच्या कोठीत खांद्यापर्यंत हात घातला आणि मोहाची बाटली धोतराच्या सोग्यात लपवून सोड्यासोबत घेऊन आले. साडभाऊंनी सोडा तेवढा घेतला आणि बाटली दोन्ही हातांनी परत केली. झालं! पाहुण्यांना घर पसंत नाही, असा अर्थ निघाला, आतून बायकांचं मुसमुसणं ऐकू यायला लागलं. शेवटी सोयरीक मोडू नये म्हणून त्या बाटलीचा मान कोणीतरी राखायला हवा होता. तो धाकट्या जावयाने राखला. धाकटेपणाचा एवढा एकच फायदा मला आजवर झाला आहे.

अशा या माणसाने वीस-पंचवीस वर्षांत सगळ्या नात्याला एकच औषध शिकवलं. छातीत दुखलं, गॅस आहे, सोडा प्या. डोकं दुखलं, तेच. म्हणून चिमूरला मेहुण्याच्या मुलीच्या लग्नात, भर दुपारी जेवणं आटोपल्यावर, साडभाऊ कूलरसमोर बसून छाती चोळायला लागले तेव्हा कोणालाच काही वाटलं नाही. गुरूलाच गॅस झाला म्हणून मंडळी उलट हसली. मी नेहमीप्रमाणे सोडा आणायला पळालो. पहिली बाटली त्यांनी एका दमात संपवली. आम्ही वाट पाहिली. ढेकर आला नाही. दुसरी दिली. दहा-बारा माणसं त्यांच्या तोंडाकडे टक लावून उभी, जसा काही मुहूर्त टळत होता. तरीही काही नाही. कोणी म्हणे लिंबू पिळा, कोणी म्हणे काळं मीठ टाका, पाठ चोळा. मी तिसऱ्या बाटलीच्या गोटीवर अंगठा ठेवला, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. हात थंडगार होता, बर्फाचा.

"भाऊ, गाडी काढा. हे गॅस नाई."

सगळे त्यांनाच समजवायला लागले, की तुम्हीच तर सांगता, अजून एक घ्या. ते फक्त माझ्याकडे पाहत होते. "इतक्या वर्षांत डकारनं मले कधी धोका नाई देल्ला," ते म्हणाले. "काढा गाडी."

मी गाडी काढली. चंद्रपूरला पोचेपर्यंत मी किती देवांना काय काय कबूल केलं ते अजून फेडतो आहे. हृदयाच्या नळीत दोन स्प्रिंगा बसल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर आमच्याकडे आणून उपयोग नव्हता. म्हणजे ती तिसरी बाटली मी फोडली असती तर!

आता त्यांना सोडा बंद आहे. थोरल्या मेहुणीचा, म्हणजे ताईंचा, पहारा कडक. पण माझ्याकडे आले की संध्याकाळी ते मला सोड्याच्या गाडीवर नेतात, एक बाटली घेतात, गोटी स्वतः दाबतात, तो आवाज डोळे मिटून ऐकतात आणि बाटली माझ्या हातात देतात. मग माझ्या गळ्याकडे पाहत बसतात.

"डकार आली काय?"

पहिल्या वेळी खरोखरच आला नाही. माझा कोठाच तसला, ढेकर येतच नाही. मी तसं सांगितलं आणि साडभाऊंचा चेहरा पांढरा पडला. खिशातून स्कूटरची किल्ली काढून ते उभेच राहिले. "चाला, बसा मागं," म्हणाले. त्यांना समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले.

तेव्हापासून मी घरी, बायको नसताना, खोटा ढेकर द्यायला शिकलो आहे. बऱ्यापैकी जमतो. ज्याने सारा जन्म ढेकर ऐकण्यात घालवला त्याला खरा-खोटा कळत नसेल, असं कसं म्हणू? पण मी तो देतो, ते मान हलवतात, आणि हातात धरलेली किल्ली परत खिशात ठेवतात.