वेदाला पाठवलेले फोटो

जलजा साल्यानला फोटोचा नाद कधीच नव्हता. मल्प्याच्या बंदरापासून थोडं उत्तरेला, समुद्राकडे पाठ करून उभं असलेलं त्यांचं कौलारू घर. त्यात ती आणि तिची अम्मा. अम्माच्या उजव्या अंगावरून वारं गेलं त्याला बरीच वर्षं झाली होती. त्याच गडबडीत जलजाचं लग्न राहून गेलं आणि पुढे तो विषय कोणी काढलाही नाही. अम्माचं अंथरूण, पेज, औषधं आणि मधल्या वेळात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणं, यात तिचा दिवस जायचा.

धाकटी बहीण वेदा नवऱ्याबरोबर मस्कतला असायची. त्या वर्षी रजा संपवून निघताना तिनेच ही टूम काढली. तिकडच्या बायका करतात म्हणे. रोज एक फोटो, वर्षभर, एकही दिवस चुकवायचा नाही.

"तू इकडचा पाठव, मी तिकडचा पाठवते. म्हणजे रोज भेटल्यासारखंच की, अक्का."

तिने आपला जुना फोन अक्काला दिला आणि गाडी दारात थांबलेली असताना कुठे दाबायचं ते दाखवलं.

सुरुवातीला दोघींना गंमत वाटली. वेदाकडून उंच इमारती, खजुराची झाडं, ताटातला मासा यायचा. जलजा माडावरची घार पाठवायची, वाळत घातलेली तारली मासळी पाठवायची. मग वेदाचे फोटो दिवसाआड झाले, आठवड्याने झाले आणि पावसाळ्याच्या तोंडाशी बंदच पडले. तिने कळवलं, मुलीची शाळा, घरचं काम, जमत नाही. पण तू थांबू नकोस, मी बघते. आणि खरंच, जलजाने फोटो पाठवला की थोड्या वेळात त्याखाली लाल बदाम उमटायचा.

पावसात होड्या वर ओढून घेतल्या गेल्या, किनारा ओस पडला. अम्माला एकटं टाकून लांब जाता यायचं नाहीच. तेव्हा तीच खिडकी, तीच चूल, तीच ओल आलेली भिंत. एखाद्या दिवशी टिपण्यासारखं काहीच सापडायचं नाही आणि ती रडकुंडीला यायची. पण हळूहळू तिचे डोळे तयार झाले. ऊन घरात कधी शिरतं, पेजेच्या वाफेवर कसं पडतं, ओल भिंतीवर कुठवर चढली, हे तिला काम करता करता दिसू लागलं.

अम्मा खाटेवरून चिडायची. "विड्या राहिल्या बाजूला. भिंत काय पळून चाललीये, रोज रोज टिपायला?"

शेजारची कल्याणीही विचारायची, हे सगळं बघतं कोण? जलजा सांगायची, वेदा बघते.

वर्ष भरत आलं तेव्हा वेदा रजेवर आली. पहिल्याच संध्याकाळी मासे साफ करताना जलजाने सहज विचारल्यासारखं केलं, सगळ्यात कोणता आवडला? वेदा म्हणाली, सगळेच छान होते. जलजाला तेवढंही पुरलं.

दुसऱ्या दिवशी वेदा न्हाणीत असताना तिचा फोन वाजला. जलजा हात पुसून येईपर्यंत बंद झाला. पडद्यावरच्या निरोपांच्या यादीत स्वतःचं नाव दिसलं म्हणून तिने ते उघडलं. आपले फोटो तिकडून कसे दिसतात, एवढंच तिला बघायचं होतं.

सगळे धुरकट चौकोन होते. प्रत्येकाच्या मधोमध खाली वळलेला बाण आणि तळाशी लाल बदाम. ती मागे मागे सरकवत गेली. पावसाळ्यापर्यंत सगळं तसंच. कालपरवाच्या एका चौकोनावर तिने बोट ठेवलं, क्षणभर चक्र फिरलं आणि कोपऱ्यातल्या पाण्याच्या हंड्यावर पडलेलं ऊन लख्ख उघडलं.

वेदा केस पुसत आली आणि अक्काच्या हातात फोन बघून थबकली. आधी म्हणाली, फोन भरला होता, म्हणून आपोआप उघडणं बंद केलं होतं. जलजाने तो धुरकट चौकोनांचा पडदा तिच्यापुढे धरला. मग वेदाने खाटेकडे बघून आवाज खाली आणला.

"बघवायचं नाही गं. आधी बघायची. पण रोज तेच घर. फोटो उघडला की अम्माच्या अंथरुणाचा वास यायचा. मी इथून सुटले, अक्का. तू नाही सुटलीस. ते रोज उठून कसं बघू?"

"मग बदाम कशाला?"

"तू फोटो थांबवले असतेस तर तुझ्यापाशी काय उरलं असतं?"

जलजाला रागावताही येईना, कारण त्यात खोटं काही नव्हतं. ती अम्माची कूस बदलायला उठली. रजेचे उरलेले दिवस दोघी पाहुण्यांसारख्या वागल्या. निघताना वेदा रडली, यापुढे एकेक उघडून बघीन म्हणाली. जलजा बरं म्हणाली.

राहिलेले दिवस तिने नेमाने फोटो काढले, पाठवलेही. वर्ष म्हटलं होतं, वर्ष करायचं. ते पुरं झालं त्या दिवशी डॉक्टर येऊन गेले. हृदय ठणठणीत आहे, अम्मा अजून पुष्कळ वर्षं काढतील, म्हणाले. जलजाने दोरीवरच्या ओल्या लुगड्यांचा फोटो काढला आणि कल्याणीला सांगितलं, संपलं एकदाचं. कल्याणी म्हणाली, बरं झालं, आता चार विड्या जास्त होतील.

दुसऱ्या दिवशी फोन फडताळात टाकून ती सूप घेऊन बसली. दोऱ्याच्या रिळाची सावली पानांवरून लांबत चालली होती, कडेला एक मुंगी होती. जलजाने मान फिरवली. तिकडे अम्माच्या पालथ्या हातावर कौलातून एक कवडसा उतरला होता. दाखवायला कोणी नव्हतं आणि दिसायचं काही थांबेना. अम्माने पाणी मागितलं तशी ती उठली.