येसूर कुणी भाजला

सिरसाळ्याच्या स्टँडवर माय मला सोडायला आली होती, पण तिचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच. ती कंडक्टरकडं बघत होती, माझ्या शेजारी बसलेल्या बाईकडं बघत होती आणि सगळ्यात जास्त माझ्या मांडीवरच्या गाठोड्याकडं. जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा, आणि त्यात वर्षभराचा येसूर. माझं नुकतंच लग्न झालं होतं, नवऱ्याला भोसरीच्या एका कंपनीत काम लागलं होतं आणि मी पहिल्यांदाच जिल्ह्याबाहेर निघाले होते. "डिक्कीत ठिवू नको. वर फळीवर बी ठिवू नको. मांडीवरच धर," माय म्हणाली. खिडकीतून हात घालून तिनं डब्याची गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली. बस हलली तेव्हा दुसऱ्या पोरींच्या आया पदरानं डोळे पुसत होत्या. आमची माय बसच्या बाजूनं चार पावलं चालली आणि म्हणाली, "तिकडं इकत आणलेलं काय बी असू दे, नाकाला लावल्याबिगर चुलीवर चढवू नको." हाच मला मिळालेला आशीर्वाद.

तुमच्यापैकी जे गावीच राहिले त्यांना येसूर काय ते सांगायला नको. जे बाहेर पडले आणि पाकिटातल्या मसाल्यांना सरावले, त्यांच्यासाठी सांगते. ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ वेगवेगळी भाजायची, धने, मिरच्या, खोबरं, लवंग, दगडफूल वेगळं भाजायचं, आणि सगळं एकत्र दळून आणायचं. तेलात लसूण टाकला, पाण्यात कालवून दोन चमचे येसूर ओतला, मीठ टाकलं की आमटी झाली. घरात भाजी नसली तरी त्यावर भाकरी जाते. आणि भाजी नसलेले दिवस आमच्या घरात कमी नव्हते. वडील लवकर गेले, पाठीमागं मी आणि धाकटा बाळू, त्यामुळं मायचा सगळा संसार असल्या डब्यांवर चालला.

गिरणीवाल्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. उन्हाळ्यात येसूर दळायला गेली की ती आधी आपली मूठभर ज्वारी जात्यात टाकायला लावायची, आधीच्या माणसाचं पीठ निघून जावं म्हणून. मग शेवटचा कण पडेपर्यंत तिथंच बसायची. गिरणीवाला वैतागून म्हणायचा, "मावशे, मी काय तुझा येसूर खातो व्हय?" माय म्हणायची, "खात न्हाईस, पर दुसऱ्याचा ह्याच्यात घालतोस." बाजारात तर तिच्यासोबत जायची मला लाज वाटायची. डाळ तळहातावर चोळून कोंडा बघणार, मिरचीचं देठ मोडून हुंगणार, तेल बोटावर घेऊन नाकाशी नेणार. दुकानदार म्हणाला की माल नवा आहे, की ती लगेच पोत्यात कोपरापर्यंत हात घालून खालचा माल वर काढायची. बाजार उठता उठता भाव पडतात, म्हणून आम्ही नेहमी शेवटी जायचो, आणि शेवटचा माल म्हणून ती आणखीच संशयानं बघायची.

भोसरीत आमची एकच खोली होती. तिथं गेल्यावर महिन्याभरात मी अगदी माय झाले. दुकानातला पोरगा डाळ मोजायला लागला की मी डाळीकडं न बघता काट्याकडं बघायची. तो शून्यावर आला का, त्याचा अंगठा कुठंय, सगळं. मोठ्या दुकानात एकावर एक फुकट लिहिलेलं दिसलं की आधी पाकीट उलटं करून तारीख वाचायची, कारण फुकट कुणी कुणाला काही देत नाही. शेजारच्या बाया मोबाइलवरून टोमॅटो मागवतात, दहा मिनिटांत दारात येतात म्हणे. पण दुसऱ्यानं निवडलेला टोमॅटो मी का खाऊ? त्यानं काय निवडला, त्यानं टाकला पिशवीत. आलं-लसणाच्या तयार पेस्टकडं तर मी बघतसुद्धा नाही. आमचे हे हसतात. म्हणतात, "तू भाजीवाल्याची झडती घेतीस, का भाजी घेतीस?" हसू देत. एका पगारात भाडं, गॅस, पोरीची शाळा भागवायची, तर सडका कांदा परवडत नाही. डाळ मी अख्खी आणते, पीठ दळून आणते, लोणचं घरी घालते. आणि पगाराच्या आधीचा आठवडा आला की येसूरची आमटी. तो डबा होता म्हणून महिनाअखेर कधी अंगावर आली नाही.

दर उन्हाळ्यात नवा डबा यायचा, ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडं दिलेला. फाट्यावर मी वेळेआधी जाऊन उभी राहायची. मायची गाठ असायची, दात लावल्याशिवाय सुटायची नाही, म्हणजे वाटेत कुणी डबा उघडला नाही याची खात्री. उघडला की आधी मी तोंड आत घालून वास घ्यायची. खोबरं अगदी काळं पडायच्या जरा आधी थांबवलेलं, तो वास दुसऱ्या कुणाच्या येसूरला येत नाही. त्या एका डब्यापुरती मी कशाचीच तपासणी करत नव्हते.

मागच्या उन्हाळ्यात डबा आला आणि त्याला गाठच नव्हती. खाकी चिकटपट्टी गुंडाळलेली. तिथंच शंकेची पाल चुकचुकली. घरी येऊन उघडला, वास घेतला, आणि पुन्हा घेतला. लवंग पुढं आलेली, खोबरं कच्चं, मिरची नुसती गरम केलेली. आमटी करून बघितली. यांनी वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि म्हणाले की चांगली झाली. यांना काय कळतंय.

मी फोन लावला. "माय, येसूर कुणी केला?"

"म्याच केला की. कावून?" ती फार पटकन बोलली. माय कधी पटकन उत्तर देत नाही, तिला आधी समोरच्याच्या मनात काय आहे ते शोधायचं असतं.

मग मला मागचं सगळं आठवायला लागलं. पूर्वी माय फोनवर पहिलं विचारायची की आज काय शिजवलं, तेल कुठून आणलं, मिरची कशी निघाली. कितीतरी दिवसांत तिनं काहीच विचारलं नव्हतं. दुसरं म्हणजे फोन कायम स्पीकरवर असायचा आणि मागं बांगड्या वाजायच्या. बांगड्या म्हणजे मनीषा, आमच्या बाळूची बायको. लग्न होऊन आली तेव्हापासून गोड बोलते, आणि गोड बोलणारं माणूस मला आधीपासून पचत नाही. व्हिडिओ कॉलवर माय वाळलेली दिसत होती. मी दोन आणि दोन चार केले. मनीषानं मायला चुलीपासून उठवलं, डबेबिबे ताब्यात घेतले, आणि आता धड जेवायलाही घालत नाही. त्या रात्री मी पोरीला यांच्याकडं ठेवून गावी जायचं ठरवून टाकलं. एका घासाला महाग झालेली माय डोळ्यांपुढून हलेना.

गावी कुणाला कळवलं नाही. कळवलं असतं तर मनीषानं ताट सजवून ठेवलं असतं. दुपारी जेवायच्या वेळेला पोचले, चपला अंगणातच काढल्या आणि हाक न मारता दारात उभी राहिले. माय पाटावर बसली होती, पुढं भरलेलं ताट. मनीषा तिच्यासमोर उकिडवी बसून मायच्या ताटातली दह्याची वाटी नाकाला लावत होती. मग तिनं त्यात बोट बुडवून चाटलं. भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवून खाल्ला. आणि एवढं झाल्यावर ताट मायकडं सरकवलं.

माझं डोकंच फिरलं. "मनीषा, माझ्या मायच्या ताटातलं खातीस? घरात दुसरं काय न्हाई का तुला खायला?"

तिचं तोंड एवढंएवढंसं झालं. ती मायकडं बघायला लागली, पण बोलेना. न बोलणारा चोर असतो, असंच मला वाटलं.

"कावून वरडतीस तिच्यावर?" माय म्हणाली. मी आले याचं तिला नवल वाटलं नाही, उलट कधीतरी येणारच होते असं तिचं तोंड होतं. "ती चाखून बघती. नासलं असलं तर मला कळत न्हाई."

"कळत न्हाई म्हंजे?"

"वास येत न्हाई, बाई. चव बी न्हाई. थंडीत लई ताप आलता. ताप गेला, नाक घेऊन गेला. एकदा नासलेलं दूध पिले म्या, गलासभर. दोन दिस उठले न्हाई. तवापासून ही आधी चाखती."

मी विश्वास ठेवायला हवा होता. पण मी कुणाची लेक? मला वाटलं, सुनेला वाचवायला माय काहीही बोलेल. मी आत गेले, फळीवरून हिंगाची डबी काढली, मायला डोळे मिटायला लावले आणि डबी तिच्या नाकाशी धरली. मनीषानं लांबूनच नाक आखडलं. मायनं एकदा वास ओढला. परत ओढला. तिच्या कपाळावर आठी पडली. आयुष्यभर बाजाराला धारेवर धरणारी बाई, आणि आता लेकीसमोर अंदाज लावत होती.

"धने," ती म्हणाली. मग माझा चेहरा दिसत नाही म्हणून डोळे न उघडताच तिनं विचारलं, "धनेच हायत ना?"

मी डबी बंद केली. त्या दिवशी माझ्या बोटांचा हिंगाचा वास काही जाईना, आणि तो नाकात आला की प्रत्येक वेळी मला तिथंच बसून रडावंसं वाटत होतं.

येसूर मनीषानंच केला होता. माय शेजारी बसून सांगत होती, पण कधी थांबायचं ते माय नाकानं ओळखायची, ते तोंडानं सांगता येत नव्हतं. गाठ बांधायची तर तापानंतर बोटांत जोर राहिला नव्हता. "मला बी भ्याव वाटत व्हतं, ताई," मनीषा म्हणाली. "डबा धाडला त्या दिवसापासून तुमच्या फोनचंच भ्याव." मी मायला विचारलं, मग सांगितलं का नाही? माय ताटातल्या भाकरीचे तुकडे करायला लागली. "तू तिकडं कुणाचं काय खात न्हाईस, कुणावर इस्वास न्हाई तुझा. एक माझा डबा डोळे झाकून घेतीस. म्हणलं, तेवढं बी कावून घालवायचं तुझं?"

दोन दिवस राहिले. नव्यानं येसूर केला. मनीषा चुलीपुढं, मी तिच्या पाठीशी उभी, आणि माय पाटावर बसून कढईतला रंग बघत होती. "आला का वास?" ती विचारायची. "न्हाई अजून." "आता?" "थांब जरा." खोबरं लाल झालं, तपकिरी झालं, आणि एका क्षणाला तोच वास आला, भोसरीत डब्याच्या तोंडाशी यायचा तोच. "आला," मी म्हणाले, आणि मायनं मनीषाला कढई उतरवायला लावली. तिला काहीच आला नव्हता.

आता मनीषा चांगली आहे असं मी एकदम लिहून देणार नाही. अजून फोनवर मी बांगड्यांवर कान ठेवून असते. पण स्पीकर का असतो ते कळलं आहे. मायचा हात दुखतो, फोन मनीषा धरते. यंदा सगळा डबा पाठवायच्या आधी तिनं थोडासा येसूर कुटून ड्रायव्हरकडं त्याची एक छोटी पुडी पाठवली. "ताई, आधी हुंगून सांगा, मग दळते सगळं." बाकीच्या जिनसा तिथं भाजून तशाच थांबल्या होत्या.

तुम्ही गावी राहिलेले लोक विचारता की घरी कधी येणार, आणि आम्ही बाहेर गेलेले म्हणतो की दिवाळीला. मला आता वाटतं, घर म्हणजे ते, जिथं कढई उतरवायला आपली वाट बघतात. बाकी सगळीकडं मी काट्याकडं बघत उभी असते.

पुडी उघडली, हुंगली आणि फोन लावला. गोड बोलायचा मोह झाला, पण मायला खोटं सांगून तिला अजून एकदा आंधळं करायचं नव्हतं. म्हणाले, "खोबरं थोडं कमी भाजलंय."

"बघ," पलीकडं माय मनीषाला म्हणाली, "म्या रंग बघूनच म्हणलं व्हतं का न्हाई?" किती दिवसांनी तिचा तसला आवाज ऐकला. मनीषा हसत कढई पुन्हा चढवायला गेली. बांगड्या लांब गेल्या. मग माय फोनजवळ आली असावी, कारण एकदम हळू बोलली. "बाकी कसा येतोय गं वास? सांग की जरा."

मी सांगायला लागले. आधी लवंग येते, ती हलकीच, मग मिरची नाकात चढते, मग धने, आणि सगळ्यांच्या खाली भाजलेली ज्वारी, आपल्या चुलीच्या धुराची. जिनं जन्मभर कुणाच्या सांगण्यावर चिमूटभर मीठ घेतलं नाही, ती तिकडं नुसती ऐकत होती. मधे एकदाही तिनं "खरं का?" म्हणून विचारलं नाही.