मन्हाजोडे शे

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. संख्याशास्त्र घेऊन पदवी झाली, जळगावात एका क्लासमध्ये गणित शिकवू लागलो, पिंप्राळ्यात भाड्याने घर घेतलं. आईवडिलांनी आणि शाळेतल्या गुरुजींनी मला इथवर आणलं, हे मी कधी विसरलो नाही. पण आम्ही माणसं दबून बोलणारी. कुणी पुढे आलं की मागे सरकणारी. पोकरच्या टेबलावर मी पहिल्यांदा पुढे सरकलो.

तिथे मला एक पद्धत सापडली. चांगल्या पानांची वाट पाहत बसायचं नाही. समोरचा जरा कचरला की हातात काही नसलं तरी आपण पैज चढवायची, तो डाव सोडतो. हळूहळू सगळं टेबल आपल्याला घाबरतं. मोबाईलवरच्या स्पर्धांत हे जमत गेलं आणि मी क्लास सोडला. मग पैशांचे ऑनलाइन खेळ सरकारने बंद केले. बायको म्हणाली, "आता एकच स्पर्धा. नाही जमलं, तर परत शिकवायचं." मी कबूल झालो.

ती स्पर्धा धुळ्याबाहेर, एका केळीच्या व्यापाऱ्याच्या शेतातल्या बंगल्यावर होती. जिंकणाऱ्याला गोव्याच्या मोठ्या स्पर्धेत जागा. दुपारपर्यंत मी एकेकाला उठवलं; हरलेले भोवती उभे राहून बघू लागले. शेवटी समोर उरले साक्रीकडचे एक आबा. पांढरी टोपी, पानं डोळ्यांजवळ नेऊन पाहायची सवय.

"कोठला शेस रे भाऊ?"

"जळगाव. मूळचा पिंपळनेरकडचा, आबा."

"मंग आपलाच शे तू! इतला तिखट कसा निंघना?"

सगळे हसले. मीही हसलो आणि पुढच्याच डावात चढवलं. आबांनी नुसत्या तेवढ्याच चिप्स पुढे सारल्या. टेबलावर पाचवं पान उघडलं तेव्हा माझ्या हातात काहीच नव्हतं. पद्धतीप्रमाणे हीच वेळ होती. मी होत्या तेवढ्या चिप्स पुढे ढकलणार, तेवढ्यात आबांनी हात वर केला.

"थांबी जाय, पोऱ्या. मन्हाजोडे शे."

माझ्याकडे आहे. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघरी पत्ते रंगतात. समोर पोरसवदा कुणी असेल आणि मोठ्या माणसाने असं म्हटलं, तर ते खरंच असतं. लहानाला बुडवायचं नाही, ही रीत. ते ऐकून पानं टाकायची, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पण मी इतकी वर्षं शिकलो होतो की टेबलावर जो बोलतो तो घाबरलेला असतो. आबा घाबरलेत, असं मी मनात म्हटलं.

"ऑल-इन."

"बठ्ठं?" आबांनी विचारलं. "बठ्ठं लाई दिधं?"

"हो, सगळं."

त्यांनी पानं उलटी केली. दोन एक्के; तिसरा टेबलावर होताच. शेजारचा एक जण म्हणाला, "मास्तर, आबांनी तर पेपर फोडला होता की!" पुन्हा सगळे हसले. आबा मात्र हसले नाहीत. "सांगेल व्हतं ना तुले," एवढंच म्हणाले. जिंकल्याचा आनंदही त्यांच्या तोंडावर दिसेना. मी परका असतो, तर कदाचित दिसला असता.

त्यांनीच मला गाडीतून स्टँडवर सोडलं. वाटेत कांद्याबद्दल बोलले, माझ्या वडिलांची चौकशी केली. एवढ्या मायेने बोलणाऱ्या माणसाला मी खोटं ठरवलं होतं. तेही त्यांनी माझ्याच बोलीत सांगितलं असताना. जळगावच्या बसमध्ये गोवा गेल्याचं दुःख झालंच; पण त्याहून वाईट हे की तो डाव पुन्हा मिळाला असता, तरी मी तसाच खेळलो असतो.

घरी बायकोने माझ्याकडे पाहिलं. ताट वाढलं. "क्लासवाल्यांना फोन करा," म्हणाली. मग जरा थांबून, "मी रागावले नाहीये."

मी जेवत होतो. तिचा आवाज कुठे अडखळला का, डोळे कुठे वळले का, हे माझ्या मनाने तपासायला सुरुवातही केली होती.