प्रतिकार खाली

भटूला आम्ही खेळात घेतलं ते मोठ्या मनाने, असं आम्ही तिघे एकमेकांना सांगत असू. खरं कारण इंग्रजी होतं. १९९० साली आमचा कॅशियर बन्सीलाल याचा साडू कुवेतहून जीव घेऊन धुळ्याला परतला, त्याच्या सामानात हा खेळ निघाला. मंत्र, चेटकिणी, तलवारी, दहा नि वीस पैलूंचे फासे आणि शंभर पानी इंग्रजी नियम. मी, बन्सीलाल आणि हेडक्लार्क जीवराम, तिघेही बँकेत साहेबी थाटात पत्रं लिहिणारे. दुसऱ्याच पानावर आम्हाला घाम फुटला. भटू आमच्या शाखेचा शिपाई. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना वडील गेले, तेव्हा मिळेल त्या जागेला चिकटला होता. त्याने ते पुस्तक घरी नेलं आणि दोन महिन्यांत सगळं मराठीत, वहीत उतरवून आणलं. मग त्याला खुर्ची देणं भागच पडलं.

देवपुरात जीवरामच्या माडीवर दर रविवारी दुपारी आम्ही बसायचो. टेबल एक, खुर्च्या चार. मी खेळवणारा, म्हणजे राक्षस आणि चेटकिणी माझ्या. बन्सीलाल पुजारी, जीवराम तिरंदाज. भटूने बुटका योद्धा घेतला आणि नाव ठेवलं चिंधा. बँकेत बारा वेळा घंटी वाजली की बारा वेळा उठणारा हा माणूस माडीवर तीन तास कुणासाठी उठत नसे. रविवारसाठी तो आठवडा ढकलायचा, हे त्याच्या बायकोने, बेबाबाईने, मला एकदा हसत सांगितलं होतं.

चिंध्याची खरी ताकद तलवारीत नव्हती. त्याला सत्तर टक्के प्रतिकार होता. मी त्याच्यावर मंत्र टाकला की भटू दहा पैलूंचे दोन फासे फेकायचा, एक दशकाचा, एक एककाचा, म्हणजे शंभरापर्यंत आकडा. सत्तर किंवा त्याच्या खाली आकडा आला की मंत्र वाया. वर आला तरी वीस पैलूंच्या फाशावर वाचायची आणखी एक संधी असायची. पण प्रतिकाराला शत्रू-मित्र कळत नाही. बन्सीलालच्या पुजाऱ्याने इलाजाचा मंत्र म्हटला तरी तोही तसाच वाया जायचा. तो लागू व्हावा असं वाटलं, तर खेळाडूने मोठ्याने म्हणायचं, 'प्रतिकार खाली'. मग तो डाव संपेपर्यंत त्याच्यावर पडेल तो मंत्र पुरा लागणार आणि एकही फासा मिळणार नाही. भटूने तीन वर्षांत हे एकदाही म्हटलं नव्हतं. जखमा पाला लावून, झोप काढून बऱ्या करायचा.

आमचा स्वतःचा एकच नियम होता: ज्याचं पात्र मेलं, त्याने टेबलावरून कायमचं उठायचं. तीन वर्षांत कुणी मेलं नाही, कारण सगळे घाव पुढे उभा राहून चिंधा खात होता.

१९९३ मध्ये शाखेला नवे साहेब आले. त्यांना या खेळाची भारी उत्सुकता. कोण कोण खेळतं, त्यांनी विचारलं. भटूचं नाव येताच आडनाव विचारलं. मी सांगितलं. "अच्छा," म्हणाले, आणि मग जागा झाली की कळवा, असं म्हणून त्यांनी फाईल ओढली. भटू बौद्ध आणि शिवाय शिपाई. यातलं त्यांना काय खटकलं ते मी विचारलं नाही. माझी अक्कलकुव्याला बदली निघाली होती आणि ती रद्द होणं त्यांच्या सहीवर अडलं होतं. पाचवी खुर्ची शेजारून आणता आली असती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. पण भटूला तोंडावर 'येऊ नको' म्हणायचीही आमची छाती नव्हती. म्हणून आम्ही त्याला नियमाने मारायचं ठरवलं.

त्या रविवारी मी चिंध्यावर मंत्र टाकलाच नाही. प्रतिकाराला न जुमानणारे भाले टाकले, एकामागून एक. बन्सीलालच्या हातात चिठ्ठी सरकवली: तू आता चेटकिणीच्या ताब्यात आहेस. प्राणगुण संपले की पात्र मेलं; चिंध्याचे तीनच उरले तेव्हा बन्सीलाल म्हणाला, प्रतिकार खाली ठेव, मी मंत्र म्हणतो.

भटूने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "इलाजना मंतर शे ना, बन्सीभाऊ?"

"शे ना रे. ठेव खाली."

"प्रतिकार खाली," भटू म्हणाला.

इलाजाचा मंत्र उलटा म्हटला की जखम होते. बन्सीलालने तो उलटा म्हटला. जीवराम पंख्याकडे बघत राहिला. मी चिठ्ठी उघडून दाखवली, सगळं नियमात आहे हे कळावं म्हणून. भटूने आपली वही उघडली, ते पान काढलं, बोट ठेवून स्वतःच मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "बराबर शे. आते माले उठनं पडी." वही टेबलावरच ठेवून तो जिना उतरला. तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही, म्हणून मला त्याचा रागच आला.

पुढच्या रविवारी साहेब आले, त्या खुर्चीत बसले, आणि अर्ध्या तासात वैतागले, कारण नियम आम्हाला कुणालाच नीट येत नव्हते. बन्सीलालने सरळ भटूला बोलावणं पाठवलं. मी अडवलं नाही. भटू आला. बसायला जागा नव्हती. तो साहेबांच्या खुर्चीमागे उभा राहून कोणता फासा कधी, ते सांगू लागला. पुढे दर रविवारी तीन तास तसाच उभा असे, मध्ये खाली जाऊन चहाही आणायचा. माझी बदली रद्द झाली.

साहेबांनीही प्रतिकारवाला बुटकाच घेतला होता. चौथ्या रविवारी तो घायाळ झाला. बन्सीलाल म्हणाला, साहेब, प्रतिकार खाली ठेवा, मी इलाज करतो. साहेब जरा घुटमळले आणि मागे वळून भटूला विचारलं, "यात काही धोका नाही ना?"

भटूने आम्हा तिघांकडे एकदा पाहिलं.

"तुम्हाला नाही, साहेब," तो म्हणाला.